दहा शनिवार, पंडित कॉलनी: इंग्रजी वाक्प्रचारांचा क्लास

जूनच्या दुसऱ्या शनिवारपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मी नाशिकच्या पंडित कॉलनीत एका क्लासला गेले. बोर्ड नाही, जाहिरात नाही. एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर, मॅडमच्या स्वतःच्या हॉलमध्ये क्लास भरतो. संध्याकाळी साडेपाच ते सात, दहा शनिवार, फी १८०० रुपये. मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यात. नाव कुठे छापू नकोस असं त्यांनी मला सांगितलंय, म्हणून देत नाही. मला त्यांचा पत्ता आमच्या कॉलनीतल्या मेडिकलवाल्या ताईंकडून मिळाला होता, आणि बहुतेक सगळे असेच कोणाच्या तरी सांगण्यावरून आले होते.

इथे इंग्रजी बोलायला शिकवत नाहीत, व्याकरणही नाही. फक्त वाक्प्रचार. साहेब लोक मेलमध्ये, मीटिंगमध्ये, फोनवर जे सहज बोलून जातात, ज्यातला एकेक शब्द आपल्याला येत असतो आणि तरी वाक्य कळत नाही, तेवढंच. एवढ्याशा विषयाला दहा शनिवार कशाला, असं माझ्या नवऱ्याने विचारलं होतं. मला का हवे होते ते सांगते.

मी दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम बघते. शाळा निफाड तालुक्यात, मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचं (मालात कीड-रोग नसल्याचं) सर्टिफिकेट, लॅबचा रिपोर्ट, हे इंग्रजी मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. गेल्या हंगामात फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. तयार घडावर पाऊस पडला की मणी तडकतात, आणि तडकलेला एक मणी जरी पनेटमध्ये, म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या डब्यात, राहिला तरी बोटीच्या प्रवासात तो अख्खा पनेट सडवतो. आम्ही सगळे त्याच काळजीत होतो. त्याच दिवशी संध्याकाळी रॉटरडॅमच्या आमच्या गिऱ्हाइकाची मेल आली. पहिल्या कंटेनरबद्दल चार ओळी, आणि खाली एक वाक्य: ‘लेट्स टेक अ रेन चेक ऑन द सेकंड कंटेनर.’

रेन म्हणजे पाऊस, चेक म्हणजे तपासणी. पाऊस तर दारात पडून गेलेला. मी अण्णांना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितलं की साहेबाला दुसऱ्या कंटेनरची पावसाची तपासणी हवी आहे. पॅकिंगच्या बायका रात्री दहापर्यंत थांबल्या. साठ पेट्या उघडून घड घड बघितला, प्रत्येक पेटीचा फोटो काढला, रिपोर्ट करून पाठवला आणि माल भरायला घेतला. पनेटही त्या गिऱ्हाइकाच्याच स्टिकरचे. तिसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला, की हे काय चाललंय? त्याला म्हणायचं होतं की दुसरा कंटेनर आत्ता नको, पुढे बघू.

स्टिकर सोलून नवीन लावले, माल दुसऱ्या बाजारात कमी भावाने गेला, बोटीचं बुकिंग रद्द केल्याचे पैसे वेगळे भरले. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. उलट बायकांना त्या रात्रीचा जादा रोज दिला. मला मात्र हंगाम संपेपर्यंत मेल उघडताना धडकी भरायची.

याआधी मी शहरातल्या एका मोठ्या क्लासला गेले होते, नाव घेत नाही. तिथे पहिल्या दिवशी पाचशे वाक्प्रचारांची झेरॉक्स हातात दिली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, रोज वीस पाठ करून यायचे. मी केले. ‘कॉस्ट अॅन आर्म अँड अ लेग’ म्हणजे फार महाग, ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे, हे मला त्या यादीतून आजही आठवतं. पण हे कोण कोणाला म्हणतं, साहेबाला लिहिलं तर चालेल का, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

पंडित कॉलनीत पहिल्या शनिवारी इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही. मॅडमनी विचारलं, “पुण्याहून कालच बदलून आलेल्या माणसाला तुम्ही म्हणालात, ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागलं’, तर त्याला काय कळेल?” आम्ही सगळे नाशिकचे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून पुराचा अंदाज घ्यायचा, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. गुडघ्याला म्हणजे गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) जाऊन बघून यायला हरकत नाही, छातीला म्हणजे घाटाकडची दुकानं आवरायला लागली. पुण्याच्या माणसाला मारुती माहीत आहे, कंबर माहीत आहे, पाणी माहीत आहे. अर्थ माहीत नाही. आणि नुसता ‘पूर आला’ असा अर्थ सांगितला तरी काळजी किती करायची हे त्याला कळणार नाही. “इंग्रजीतही तुमचं हेच होतं,” मॅडम म्हणाल्या. फेब्रुवारीतली ती रात्र नेमकी कुठे चुकली ते मला त्या वाक्यात कळलं.

त्यांच्याकडे पत्र्याचा एक जुना बिस्किटाचा डबा आहे. लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं त्यात आहेत, दीडेकशे तरी असतील. एका बाजूला गणपतीचा नाहीतर अक्षतांचा अर्धा तुकडा, कोऱ्या बाजूला निळ्या शाईने एकच वाक्प्रचार. अर्थ लिहिलेला नसतो. एकाने कार्ड काढायचं, मोठ्याने वाचायचं, मग मॅडम ज्यात तो येतो असे तीन-चार प्रसंग सांगतात आणि आपण अर्थ काढायचा. अर्थ निघाला की त्या विचारतात, हे म्हणणारा वरचा की खालचा, बोलण्यात राग आहे की लोभ, आणि आपल्याकडे त्या जागी काय म्हणाल? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खातो. एका संध्याकाळी सहा-सातच कार्डं होतात. पहिल्या दोन शनिवारी मला तो वेळ वाया जातोय असं वाटलं होतं. तिसऱ्यापासून मी त्या प्रश्नासाठीच जायला लागले.

माझ्या रेन चेकचंच सांगते. मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, मॅडमनी दुसऱ्या शनिवारी घेतलं. बेसबॉलचा शब्द. अमेरिकेत १८८० च्या दशकात पावसाने सामना बंद पडला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्याला चालेल असं तिकीट द्यायचे, तो रेन चेक. तिथून तो ‘आत्ता जमणार नाही, पुढे कधीतरी’ असा झाला. चेक म्हणजे चिठ्ठी, तपासणीचा संबंधच नाही. एवढं कोशातही मिळालं असतं. पुढचं मिळालं नसतं. मॅडमनी विचारलं, आपण काय म्हणतो? कोणी म्हणालं ‘पुढे ढकलू’, कोणी ‘तहकूब’. तेव्हा एक आजी म्हणाल्या, “येऊ की एकदा निवांत.” मॅडमनी टाळीच वाजवली. कोणी ‘या ना घरी’ म्हणालं आणि आपण ‘येऊ की निवांत’ म्हटलं, तर तो काही चहाचं आधण ठेवत नाही. नकारच असतो, पण दार उघडं ठेवलेला. साहेबाचं वाक्य तसं होतं. पत्र्यावर पावसाचा आवाज चालू होता आणि मला चार महिन्यांपूर्वीची मेल पहिल्यांदा नीट ऐकू आली.

या आजींचा नातू लीड्सला शिकतो. फोनवर तो एकदा म्हणाला, आय अॅम अंडर द वेदर. आजींनी त्याला स्वेटर घाल, छत्री घे, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याला ताप होता, अंगात कणकण होती, आणि आपण हवामानाबद्दल बोलत बसलो याचं आजींना फार वाईट वाटलं होतं. म्हणून सत्तरी ओलांडल्यावर त्या क्लासला आल्या. त्यांनी त्या कार्डासाठी दिलेला शब्द ‘बरं नाहीसं वाटतंय’ असा होता. ‘आजारी आहे’ असा नाही. मोठ्या आजाराला इंग्रज ते वापरत नाहीत, हा फरक ‘नाहीसं’मध्ये बरोबर आला.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती फसवी कार्डं. म्हणजे मराठीत अगदी तसाच वाक्प्रचार आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि अर्थ वेगळाच निघतो. ‘पुल समवन्स लेग’ घ्या. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे, त्यात असूया असते. इंग्रजीत ती नुसती थट्टा, खोटंच काहीतरी खरं भासवून गंमत करणं. बॅचमध्ये अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा एक मुलगा होता. त्याच्या जर्मन इंजिनिअरने हसत हसत ‘आय वॉज जस्ट पुलिंग युवर लेग’ म्हटलं होतं, आणि हा माणूस उघड उघड कबूल कसा करतो, म्हणून तो आठवडाभर त्याच्याशी नीट बोलला नव्हता. त्याने हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये कोणी हसलं नाही. प्रत्येकाकडे असं काहीतरी होतं.

‘वॉश वन्स हँड्स ऑफ इट’ही तसंच. आपण हात धुऊन मागे लागतो, इंग्रज हात धुऊन मोकळा होतो. येशूला शिक्षा होताना पिलाताने लोकांसमोर हात धुतले आणि याच्या रक्ताला मी जबाबदार नाही म्हणाला, त्या बायबलातल्या गोष्टीतून तो आलाय. कोणी तुमच्या ऑर्डरबद्दल असं लिहिलं तर तो मागे लागलाय असं समजून आनंदात राहू नका, त्याने अंग काढून घेतलंय. पोटातलंही बघा, आपल्याकडे कावळे ओरडतात ते भुकेने, त्यांच्याकडे फुलपाखरं उडतात ती धास्तीने. ‘कोल्ड फीट’वर बराच वाद झाला. माझं म्हणणं ‘हातपाय गार पडले’. मॅडम म्हणाल्या, अगं, तुझे हातपाय अपघात बघूनही गार पडतात. कोल्ड फीट येतात ते आधी हो म्हटलेलं असतं तेव्हा. शेवटी मेडिकलवाल्या ताईंनी ‘ऐनवेळी कच खाल्ली’ म्हटलं आणि वाद मिटला.

माझ्या धंद्यातली तीन कार्डं मॅडमनी माझ्यासाठी शोधून ठेवली होती. ‘सावर ग्रेप्स’ सोपं वाटलं, कारण कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही इसापाची गोष्ट आपल्याकडेही तशीच आहे. पण मी विचारलं, गिऱ्हाइकाला ‘आमच्याकडे सावर ग्रेप्स नाहीत’ असं लिहिलं तर? आम्ही अठरा ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप) खाली माल काढत नाही, तेवढंच मला सांगायचं होतं. मॅडम म्हणाल्या, “तो वाचेल की तुमच्या मनात काही अढी नाही. कसली अढी, म्हणून बिचारा विचारात पडेल.” गोडीचं बोलायचं असेल तर ब्रिक्सचा आकडाच द्यायचा, हे मी वहीत लाल पेनाने लिहिलं. ‘लो-हँगिंग फ्रूट’ म्हणजे हाताशी आलेलं, आधी उरकून घ्यावं असं सोपं काम. मंडपाखाली उभं राहून घड तोडलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. ‘हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ म्हणजे कानोकानी कळलं. तारायंत्राच्या काळातला अमेरिकेतला शब्द, ज्याची तार आलेली नाही पण वेलीसारखी तोंडातोंडी पसरलीय अशी बातमी. यावर मॅडमनी एक गोष्ट ठासून सांगितली. एखाद्या गिऱ्हाइकाने लिहिलं की तुमच्याकडे गारपीट झाल्याचं ग्रेपव्हाइनवर ऐकलं, तर तो वेलींबद्दल बोलत नाहीये. त्याला कोणीतरी सांगितलंय आणि तो तुमच्याकडून खात्री करतोय. लगेच उत्तर द्यायचं.

क्रिकेटची कार्डं निघाली तेव्हा सीएनसीवाला मुलगाच मास्तर झाला. तो गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने बघायला जातो. ‘ऑन अ स्टिकी विकेट’ त्याने असं सांगितलं की मॅडम ऐकतच राहिल्या: पूर्वी खेळपट्टी झाकत नसत, पाऊस पडून वर ऊन आलं की चेंडू कसाही उडायचा, तिथे बॅट घेऊन उभं राहणं म्हणजे स्टिकी विकेट. बेसबॉल मात्र आमच्यात कोणीच बघितलेला नव्हता. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, ‘टच बेस’ म्हणजे जरा बोलून घेणं, ही खेळ न बघताच लक्षात ठेवावी लागली. एकाच शब्दाचे इंग्लंड-अमेरिकेत उलटे अर्थही असतात. ब्रिटिश मीटिंगमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकनने केला म्हणजे बाजूला ठेवला. मेल कोणत्या देशातून आली ते आधी बघायचं, ही सवय मला तिथे लागली.

‘कॅरी कोल्स टु न्यूकॅसल’ मला मनापासून आवडलं. न्यूकॅसल हे इंग्लंडमधलं कोळशाचं जुनं बंदर, तिथे कोळसा विकायला नेणं. आम्ही एका आवाजात म्हणालो, लासलगावला कांदे! तसंच ‘वन्स इन अ ब्लू मून’ला, म्हणजे क्वचित कधीतरी, एकाने सिंहस्थ सुचवला, बारा वर्षांनी येतो म्हणून. मॅडमनी नको म्हटलं. सिंहस्थ ठरल्या वेळी येतोच येतो, २०१५ नंतर पुढचा कधी हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्लू मूनला वाट बघणं नसतं. उंबराचं फूल म्हणा. ‘बाबा, तू तर उंबराचं फूल झालास’ हे मामा कधीतरी घरी यायचा तेव्हा माझी आजी त्याला म्हणायची. ते मी कित्येक वर्षांनी ऐकलं. इंग्रजी शिकायला गेले आणि माझ्या घरातली मराठी मला परत मिळाली, हे मला लिहायलाच हवं.

आता ज्या गोष्टी कमी पडल्या त्या. छापील नोट्स नाहीत, स्वतः लिहून घ्यायचं, एक शनिवार चुकला की ती कार्डं गेली. माझे दोन चुकले. ऐकण्याचा सराव जवळजवळ नाही. कागदावर ओळखलेला वाक्प्रचार फोनवर भरभर बोलताना निसटतो, त्यासाठी रेकॉर्डिंग ऐकवायला हवीत, आणि हे मी मॅडमना सांगितलंय. चौदा जणांना तो हॉल लहान पडतो, उशिरा आलं तर दाराशी बसावं लागतं. आणि ज्यांना आधी साधी वाक्यं जुळवायची अडचण आहे त्यांनी इथे येऊ नये. मेल वाचता येते पण अडखळायला होतं, अशा लोकांसाठी हा क्लास आहे. त्या एका कामासाठी १८०० रुपये मला अजिबात जास्त वाटले नाहीत. आमच्या एका वाक्याची किंमत त्याच्या कितीतरी पट झाली होती.

मॅडम हे वाक्प्रचार वापरायचा आग्रह धरत नाहीत. उलट म्हणतात की ओळखा सगळे, लिहा दोन-चारच, आणि शंका आली तर सरळ विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबर छाटणीच्या आधी, नव्या हंगामाचं बोलणं सुरू झालं. रॉटरडॅमच्या साहेबाने पहिल्या पंधरवड्याची बॉलपार्क फिगर मागितली. आधी मी एकेका बागेचा हिशेब किलोपर्यंत मांडत दोन दिवस घालवले असते. यावेळी अण्णांना फोन केला, ‘ढोबळ सांगा’ म्हटलं, आणि दहा मिनिटांत ‘साधारण आठ कंटेनर’ असं कळवलं. पुढे एका गोष्टीवर त्याने लिहिलं, ‘लेट्स प्ले इट बाय इअर.’ वेळ पडेल तसं बघू, हे मला कळलं होतं. तरी मी विचारलं, म्हणजे आम्ही डिसेंबरपर्यंत बुकिंग करायचं नाही ना? त्याचं एका ओळीत उत्तर आलं: बरोबर, करू नका, आणि विचारलंत ते बरं केलंत. मी ती मेल अण्णांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “ताई, त्या मॅडमना एक पेटी पाठवा पहिल्या तोड्याची.”

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, जागा चौदाच. माझी मॅडमना एक विनंती आहे आणि ती इथेही लिहिते: जानेवारी ते एप्रिल शनिवारी आमचं लोडिंग असतं, त्या महिन्यांत रविवारी सकाळची एक बॅच घ्या. आमच्या दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातून माझ्या ओळखीच्याच सहा जणी येतील.